ढेरू पैलवानाचा पुकारा

हरिबा गडद्याला फोनवर हळू बोलता येत नाही. त्याचा फोन आला की मी तो कानाला लावतच नाही. ओट्यावर ठेवतो आणि समोर खुर्ची टाकून बसतो. मागं एकदा असाच बसलो होतो, तर सूनबाई आतून म्हणाली, "मामंजी, हरिबामामा आलेत का? चहा टाकू?" आता हरिबा तिकडं आटपाडीच्या माळावर आणि आम्ही इकडं कराडाला चिकटलेल्या मलकापुरात. पण तिनं आधण ठेवलंसुद्धा होतं.

चाळीस वर्षं हा माणूस कुस्तीच्या मैदानात माइक धरून उभा आहे. हँडबिलावर त्याला 'कुस्ती निवेदक' म्हणतात. आम्ही जुनी माणसं म्हणतो, पुकारा करणारा. पैलवान मातीत उतरला की त्याचं नाव, गाव, वस्ताद सगळं मैदानाला ऐकवायचं, त्याला पुकारा म्हणतात. तो झाल्याशिवाय पैलवान हातात हात देत नाही. पुकारा म्हणजे त्याचं बारसंच म्हणा ना.

त्याची माझी ओळख अशी. उन्हाळ्यात त्याच्या बापाची मेंढरं आमच्या उसाच्या रानात बसायला यायची. खोडवा, म्हणजे उसाचं दुसरं पीक, मोडलेला असायचा, मेंढरांच्या लेंड्यांनी रान सुधारायचं. त्यांची वाघर पडली, म्हणजे जाळ्याचं कुंपण उभं राहिलं, की हरिबा आमच्या शाळेत हजर. तीन महिन्यांनी मेंढरं हलली की गैरहजर. गुरुजी दर साली त्याचं नाव घालायचे आणि दर साली काढायचे. त्याची पहिली तीनदा झाली. मी सातवी झालो तरी तो दुसरीतच होता, पण कविता म्हणायला गुरुजी त्यालाच उभा करायचे, कारण ती शेजारच्या शाळेतही ऐकू जायची आणि दोन शाळांचं एका कवितेत भागायचं.

एका उन्हाळ्यात आम्ही पोरांनी मेंढ्यांची टक्कर लावली. हरिबा रॉकेलचं नरसाळं तोंडाला लावून बांधावर उभा. "आला, आला! काळ्या तोंडाचा आला! आई ह्येची तांबडी, माण नदीचा पाला खाल्लेला!" समोरच्या मेंढ्याचीही आई त्यानं सांगितली, कुरणही सांगितलं. दोन टकरीत काळतोंड्या उताणा पडला आणि उसात पळाला. आम्ही हसून हसून लोळलो. हरिबानं नरसाळं आमच्याकडं वळवलं आणि म्हणाला, "पडला त्येला हसू नगा. रिंगणात उतरला म्हणून पडला. बांधावर बसून कोण पडतंय? टाळ्या वाजवा, आधी पडलेल्याला!" दहा वर्षांचं पोर. आम्ही गप टाळ्या वाजवल्या.

पुढं आमच्या गावच्या मैदानाला ठरलेल्या माणसाचा घसा बसला, तेव्हा हरिबाला मीच माइकवर ढकलला. ही गोष्ट मी हजार जणांना सांगितली आहे, हजार-एकावे तुम्ही. त्या दिवसापासून त्याचे नेम दोनच. ज्याचं गाव आणि वस्ताद माहीत नाही, त्याचा पुकारा नाही. आणि निकाल लागला की आधी पडलेल्याबद्दल बोलायचं, मग जिंकलेल्याबद्दल. जिंकलेल्याला गदा मिळते, पटका मिळतो, लोक खांद्यावर घेतात. पडलेल्याला हरिबाच्या त्या चार ओळी मिळायच्या. बांधाच्या जागी आता कट्टा आला होता, एवढाच फरक. कितीतरी पैलवान मला सांगतात, त्या ओळी ऐकल्या म्हणून दुसऱ्या दिवशी तालमीत गेलो.

आणखी एक. माइक धरणारा कुठल्या पक्षाचा नसतो, कुठल्या भावकीचा नसतो. तो मैदानाचा असतो. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आटपाडीपासून कराडापर्यंत सगळ्या यात्रा कमिट्या पाळतात. हरिबाच्या दारावर उभ्या जन्मात कुठला झेंडा लागला नाही. मतदानाच्या दिवशी तो बोटाची शाईसुद्धा खिशात ठेवायचा.

अशा माणसाला एका पक्षानं कार्टूनमधे घातलं, त्याची ही गोष्ट. पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर एक पक्ष रागावेल. न लिहिता प्रत्येकाला वाटेल आपलंच आहे, आणि सगळे सारखे रागावतील. तेच बरं.

हरिबाची नात प्रांजल, अकरावीतली, कुस्ती करते. मेंढरांचा जुना गोठा झाडून हरिबानं तिथं लाल माती टाकली. वाडीतल्या आणखी पाच मुली येतात. पण जिल्ह्याच्या कुस्त्या आता गादीवर होतात, आणि मातीतली पोर गादीवर गेली की पाय घसरतो. गादी नव्हती. आणि दुसरं म्हणजे, वाडीच्या बिरोबाच्या यात्रेत या साली पहिल्यांदा मुलींची जोड लागणार होती, त्यात प्रांजल होती. तिनं आज्याला बजावलं होतं, "आबा, माजा पुकारा तूच करायचास. दुसऱ्यानं केला तर मी हात देणार न्हाई." हरिबा दोन महिने म्हशीसमोर तालीम करत होता. चाळीस वर्षांत दुनियेच्या पोरांचे पुकारे केले, घरातलं कोणी मातीत उतरलं नव्हतं.

तशात एक दिवस साताऱ्याहून जीप आली. त्यातून संयोगिता नावाची मुलगी उतरली. पक्षाच्या मोबाइल विभागाची प्रमुख, गोड बोलणारी. मोठ्या फोनवर तिनं चित्रं दाखवली. चित्रांतली माणसं हलत होती, लंगोट लावून कुस्ती खेळत होती. मालिकेचं नाव 'ताकातले पैलवान'. दर आठवड्याला एक भाग, मोबाइलवर फुकट.

"आजोबा, तुमचा आवाज पाहिजे. बाकी सगळं तयार आहे."

"पक्षाचं हाय न्हवं हे?"

"पक्ष खर्च करतो. पण आहे कार्टून. फक्त हसायचं."

"कुणी हसायचं?"

"लोकांनी."

"आन् कुणाला?"

"ते लोक ठरवतील," संयोगिता म्हणाली. पुढं तिनं गोठ्यातली माती पाहिली, मुली पाहिल्या आणि म्हणाली, "साहेबांना सांगून गादी आणून देते."

साहेब म्हणजे पक्षाचे उमेदवार. हरिबा डोकं खाजवत बसला. चुलीपासनं त्याची बायको बयाबाई म्हणाली, "आवं, पोरींना गादी देत असतील तर चार शबूद बोलून या की. न्हाईतरी घरात बोलून बोलून म्हस आटवलीया तुमी."

झालं. कराडाच्या स्टँडवर मी एसटीत चढलो, सोबत म्हणून. खरं म्हणजे मला ते बघायचं होतं.

साताऱ्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर काचेची खोली. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखं काहीतरी डकवलेलं. हरिबानं विचारलं, "माती कुठाय?" मातीशिवाय त्याला बोलता येत नाही. येताना त्यानं रुमालात गोठ्यातली माती बांधून आणली होती; ती फरशीवर पसरली, चपला काढल्या आणि त्यावर उभा राहिला. आवाज टिपणारा माणूस काचेपलीकडून हात हलवत होता, तेव्हा हरिबानंही त्याला हात केला.

चित्रं हलवणारा तरुण म्हणजे शिवतेज. त्यानं पडद्यावर दोन पैलवान आणले. एक सिंहराज: भरदार छाती, मागं सूर्य उगवलेला. दुसरा ढेरू: सुटलेलं पोट, लंगोट घसरलेला, डाव्या गालावर मस, डोळ्याला गॉगल, मिशीची टोकं वर.

"हा तर कृष्णात आण्णा!" हरिबा ओरडला.

कृष्णात आण्णा म्हणजे साहेबांच्या विरोधातले उमेदवार. संयोगितानं तोंडावर बोट ठेवलं. "नाव नाही घ्यायचं आजोबा. वकिलांनी सांगितलंय, कुणाशी साम्य दिसता कामा नये. म्हणून तर खाली लिहिलंय, पात्रे काल्पनिक आहेत."

"बरं. मग ढेरूचं गाव कुठलं? वस्ताद कोण?"

शिवतेजनं संयोगिताकडं पाहिलं. संयोगितानं कागदाकडं पाहिलं. "काल्पनिक माणसाला गाव नसतं, आजोबा."

"मग त्याला पाडताय कशाला?"

संयोगितानं कागद उलटून मागची बाजूही पाहिली. शेवटी ती म्हणाली, तुम्हाला सुचेल ते घाला. कागदात फक्त एवढंच होतं की ढेरू ताक पिऊन पैलवान झालाय, तो दोन क्षणांत पडतो आणि सगळे हसतात.

हरिबानं डोळे मिटले. आता ऐका, मी काचेबाहेर होतो तरी माझ्या अंगावर काटा आला. "आईकाऽ मंडळी आईका! लाल मातीत उतरलाय ढेरू पैलवान! गाव बिनपाण्याचं, हंड्याला दोन कोस चालणारं! वस्ताद कोण म्हणताय? वस्ताद ह्येची आई! पहाटं उठून ताक घुसळणारी, लोणी लेकाला आन् ताक आपल्याला! पण लेक म्हणला, आये, लोणी तू खा, मी ताकावर पैलवान हुतो!"

पुढं कागदात होतं तसा ढेरू पडला. कागदात तिथं 'हशा' लिहिलं होतं. हरिबानं तो शब्द बघितलाच नाही. चाळीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप आलं: "पडला त्येला हसू नगा. मातीत उतरला म्हणून पडला. कट्ट्यावर बसून कोण पडतंय? टाळ्या वाजवा, आधी पडलेल्याला!"

शिवतेजनं कानांवरचा हेडफोन काढला. त्यानं नाक शिंकरलं. "मॅडम, हे ठेवूया. उपरोध आहे."

"हो," संयोगिता म्हणाली. "उपरोध छान झालाय."

जिन्यात हरिबानं मला विचारलं, "उपरोध म्हंजे रं काय?"

"बोलायचं एक आन् समजायचं दुसरं."

"आसं कसं गड्या? मी तर बोललो तेच समजून बोललो."

भाग मोबाइलवर आला आणि आठ दिवसांत सगळीकडं ढेरूच ढेरू. शिवतेजनं आवाजाला साजेल असं चित्र काढलं होतं: ढेरू पडतो, उठतो, पोटावरची माती झाडतो आणि सिंहराजाच्या खांद्यावर हात ठेवतो. बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. साताऱ्याच्या स्टँडवर रिक्षावाल्यानं मला तो भाग सक्तीनं दाखवला. मी म्हटलं, बाबा, हा माझा मैतर. तो भाडं घेईना, पण त्याचा विश्वास बसल्याचंही दिसेना. कराडात एका लग्नात वाढपी बुंदीच्या परातीसकट आडवा झाला, तर अख्खी पंगत ओरडली, "टाळ्या वाजवा, आधी पडलेल्याला!"

कृष्णात आण्णा प्रचारात ट्रॉलीवरून उतरताना पाय चुकून खरोखरच पडले. माणसं धावली आणि टाळ्यांचा कडकडाट. एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, ताक पितोस का?" आण्णा तीस वर्षं राजकारणात मुरलेला माणूस, त्यांच्या लगेच ध्यानात आलं. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक गावात एकदा पडायला लागले. एका वाडीत घसरायला जागाच मिळेना, तर सपाट सतरंजीवर पडले. गॉगल सांभाळून.

इकडं साहेबांच्या बैठकीत संयोगितानं आकडे ठेवले. अकरा लाख लोकांनी पाहिलं. साहेब खूश. "मग आपलं चाललंय की! पण सिंहराज, म्हणजे मी, कुठं दिसतो?"

"ढेरूला पाडताना दिसता, साहेब. पाठमोरे."

"मग त्याला अजून पाडा."

पाडला. दुसऱ्या भागात ढेरू विहिरीत पडला, तिसऱ्यात जत्रेच्या पाळण्यातून, चौथ्यात मेंढरांच्या कळपात. दर वेळी हरिबा साताऱ्याला जायचा, दर वेळी विचारायचा, हा कुणाचा कोण, आणि दर वेळी आपल्या पदरचं काहीतरी घालायचा. सहाव्या भागापर्यंत ढेरूला मावशी होती, पडकं घर होतं, म्हस होती. सिंहराजाला अजून गाव नव्हतं. हरिबानं विचारलं होतं, पण संयोगिता म्हणाली, साहेबांचं गाव पुण्यात आहे, ते सांगायचं नाही.

गादी मात्र आली नाही. गादीऐवजी एक दिवस टेम्पोतून फ्लेक्स आला. पंधरा फूट लांब. त्यावर साहेबांचा हसरा फोटो आणि मजकूर: 'मुलींच्या तालमीस कुस्तीची गादी दिल्याबद्दल साहेबांचे हार्दिक आभार.' टेम्पोवाला म्हणाला, आभार आधी लावायचे असतात, गादी मागनं येती. बयाबाईनं फ्लेक्स अंगणात उलथा अंथरला आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या. चांगला जाड होता.

यात्रेला तीन आठवडे राहिले तेव्हा एक फोन आला. मी सवयीनं ओट्यावर ठेवला, खुर्ची टाकली, पण ऐकू काही येईना. मला वाटलं रेंज गेली. फोन कानाला लावला तेव्हा कळलं, हरिबा बोलत होता. हळू.

"माइक काडून घेतला गड्या माजा."

झालं होतं असं. यात्रा कमिटीचा अध्यक्ष भाऊसो, वाडीतलाच, कृष्णात आण्णांचा कट्टर माणूस. देवळापुढच्या बैठकीत तो म्हणाला होता, "हरिबानाना, तुमचं आमाला लय कौतिक हाय. पर मैदानाचा नेम तुमीच शिकीवला. पक्षाच्या माणसाच्या हातात माइक द्यायचा न्हाई. तुमी साहेबाच्या पक्षाचं झालासा."

"आरं, मी तुज्याच आण्णाचं कौतुक करतूय त्यात!"

"त्येच म्हंतो. त्यांच्या कार्टुनात आमचं कौतुक. म्हंजे तुमी दोन्ही पक्षांचं झालासा. ह्ये तर आनीकच वाईट."

हरिबा टोपी घालून उठला. नेम त्याचाच होता. प्रांजलनं ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग माजी जोड काडून टाका," आणि गोठ्यात जाऊन बैठका मारत बसली. बयाबाई सांगत होती, सहाशेपर्यंत मोजल्या, मग मोजायचं सोडलं.

मी दुसऱ्या दिवशी आटपाडीला गेलो. हरिबा दारात बसला होता, म्हशीनं मान वर करून दोनदा बघितलं, तिलाही चुकल्यासारखं झालं असावं. मी म्हटलं, साताऱ्याला जाऊन सांग, मी पुढं बोलणार नाही. तो म्हणाला, "निम्म्यात कुस्ती सोडून जाता येत न्हाई रं. निकाल लागूस्तर थांबायचं."

निकाल लागला, पण भलताच. अर्ज मागं घ्यायच्या आदल्या दिवशी कृष्णात आण्णा साहेबांच्या पक्षात गेले. लोक ढेरूवर एवढं प्रेम करतात म्हटल्यावर पक्षानं त्यांना उचललंच. दोघांचा हार घातलेला फोटो झळकला. साहेब म्हणाले, आमच्यात वाद कधी नव्हताच. आण्णा म्हणाले, मी पडत होतो, साहेबांनी सावरलं. आणि हे म्हणताना सवयीनं जरा घसरले.

साताऱ्याहून बोलावणं आलं: मालिकेचा शेवटचा भाग. आम्ही दोघं पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. हरिबानं माती पसरली, वर उभा राहिला. पडद्यावर सिंहराज आणि ढेरू समोरासमोर येतात, हात देतात, मिठी मारतात, मागं दोन सूर्य उगवतात. कागदावर लिहिलं होतं: कुस्ती बरोबरीत सुटली, दोघंही महान.

हरिबानं पडद्याकडं बोट केलं. "पाय धरून पट कुणी काढला ह्यात?"

"कुणी नाही आजोबा. एकजूट आहे ही."

"घाम कुणाला आला?"

शिवतेज म्हणाला, "घाम घालू शकतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"बाळ, ही नुरा कुस्ती हाय," हरिबा म्हणाला. "आत ठरवून बाहीर लोकास्नी दाखवायची. चाळीस वर्सं झाली, मी नुरा पुकारली न्हाई. समोर वाघासारकी माणसं हुती तवा पुकारली न्हाई. चित्रातली काय पुकारतो?"

संयोगिताचा चेहरा उतरला. "आजोबा, गादी आजच निघणार होती."

मी हरिबाकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांपुढं गोठा आला असणार, सहा पोरी आल्या असणार. तो खाली बसला, फरशीवरची माती चिमूट-चिमूट गोळा करून रुमालात बांधली आणि म्हणाला, "पोरी, तुजा फ्लेक्स मातूर परत देता येणार न्हाई. मिरच्या अजून वाळायच्या हायत."

पण पक्षाचं अडत नसतं. त्यांनी हरिबाचा आवाज मशीनकडून काढला. शेवटचा भाग आला आणि हुबेहूब हरिबा बोलला: "कुस्ती बरोबरीत, दोघंही महान!" मला धडकी भरली, आता लोक म्हणणार, गेला हा. पण पहिल्या दिवशीच कराडच्या चहाच्या गाड्यावर एकजण म्हणाला, "ह्यो हरिबा न्हवं." दुसरा म्हणाला, "न्हवंच. गाव सांगितलं न्हाई, वस्ताद सांगितला न्हाई." तिसरा म्हणाला, "आन् दम कुटं लागला मधी?" मशीनला दम लागत नाही, हे पक्षाच्या ध्यानात आलं नव्हतं.

यात्रेच्या आदल्या सकाळी भाऊसो हरिबाच्या दारात उभा. कमिटीनं ठरवलेला दुसरा निवेदक, आण्णांबरोबर पक्षात गेला म्हणून, साहेबांच्या प्रचाराला पळवला होता. भाऊसो खाली बघत म्हणाला, "नाना, झालं गेलं सोडा. उद्या माइक धरा. प्रांजलची जोडबी ठिवलीया."

हरिबा बोलायच्या आत बयाबाई मिरच्या गोळा करता करता म्हणाली, "का रं भाऊसो? पक्षाच्या माणसाला माइक न्हाई म्हणत हुतास न्हवं?"

"व्हय काकू, पर नानांनी नुरा सोडली, मशीनचंबी समद्यांस्नी कळालं. नाना काय आता पक्षात न्हाईत."

"मग कोण हाय रं पक्षात?"

भाऊसोनं खाली बघितलं, तर पायाखाली उलथ्या फ्लेक्सची कड दुमडली होती आणि त्यातून साहेब अर्धे हसत होते. आण्णांमागोमाग तोही आता साहेबांचाच होता. तो म्हणाला, "उद्याच्याला मी कमिटीत बसत न्हाई काकू. नारळ तेवढा फोडतो."

दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती दहा-बारा हजार माणूस. साहेब आणि आण्णा एकाच सोफ्यावर, मधे एक उशी. हरिबानं माइक हातात घेतला. मुलींची जोड आली. प्रांजलसमोर मेढ्याची साक्षी, डोंगरातली, बारीक पण चिवट. हरिबानं तिचा पुकारा आधी केला: "साक्षी पैलवान! गाव मेढा, तालुका जावळी! वस्ताद बाप, फौजेतून हवालदार म्हणून परत आलेला, डोंगर चढून उतरून पोरीचं पाय घडवणारा!" मग थांबला. मला वाटलं, इतके महिने म्हशीपुढं घोकलेलं सगळं आता बाहेर येणार. तो एवढंच म्हणाला, "प्रांजल पैलवान. गाव, ह्येच. वस्ताद, बयाबाई गडदे. रोज पहाटं पोरीला उठीवती, आन् पोर नीट उटली न्हाई तर मलाबी."

मैदान हसलं, बायकांनी शिट्ट्या मारल्या. बयाबाईनं पदरात तोंड लपवलं. प्रांजलनं माती कपाळाला लावली आणि हात दिला.

चार मिनिटं चालली कुस्ती. प्रांजलनं ढाकेचा डाव टाकायला बघितला, साक्षी पाण्यासारखी निसटली, खाली बसली, पट काढला आणि प्रांजलचे दोन्ही खांदे मातीला लागले.

सगळं मैदान हरिबाकडं वळलं. त्यानं माइक तोंडाशी नेला. माइक घुं घुं करत राहिला. ज्या ओळी त्यानं मेंढ्यापासून ढेरूपर्यंत प्रत्येकाला दिल्या, त्या त्याच्या गळ्यातून येईनात.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक बारीक आवाज आला. मांडीवर लेकरू घेतलेली कुणी तानुबाई होती म्हणतात. "पडला त्येला हसू नगा..." शेजारणीनं उचललं. मग पोरांनी, मग म्हाताऱ्यांनी. मोबाइलवर पन्नास-पन्नासदा बघून सगळ्यांना पाठ झालेलं. दहा-बारा हजार तोंडं: "मातीत उतरला म्हणून पडला! कट्ट्यावर बसून कोण पडतंय?" साहेबांना वाटलं मालिकेचाच जयघोष आहे, ते उठले आणि हात जोडून वाकले. आण्णांना मात्र कट्टा म्हणजे कोणता, हे कळलं असावं. ते सोफ्यावर जरा पुढं सरकून बसले. "टाळ्या वाजवा, आधी पडलेल्याला!"

टाळ्या थांबेनात. प्रांजल उठली, अंगावरची माती झाडली, रडत होती आणि हसतही होती. साक्षीचा हात धरून ती सरळ हरिबासमोर आली आणि माइकमधे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आबा, जिंकली तिचं नाव ऱ्हायलं की!"

हरिबा दचकला. चाळीस वर्षांत असं राहिलं नव्हतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले, चपला बाजूला सारल्या, पाय मातीत रोवले आणि छाती भरून घेतली. "आईकाऽ मंडळी आईका! विजयी पैलवान साक्षी! गाव मेढाऽ!"

सूनबाई शपथेवर सांगते, तो आवाज मलकापुरात ऐकू आला. मी दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, तर तिनं विचारलं, काल चहा टाकला होता, तो कोण पिणार होतं?